गाथेखालचं पुस्तक



गेल्या चातुर्मासात एका संध्याकाळी हरिपाठ उरकून आम्ही आठ-दहा जण देवळाच्या पायरीवर बसलो होतो. माझ्या पिशवीत टाळांबरोबर एक पातळसं पुस्तक होतं. आमच्यातल्या विणेकरीबुवांनी ते सहज बाहेर काढलं, चार पानं चाळली आणि परत देताना म्हणाले, "गाथा वाचून संपली वाटतं तुमची?"

सगळे हसले, मीही हसलो. कारण तो प्रश्न मुळात माझाच होता. वीस-पंचवीस वर्षं मी तो दुसऱ्यांना विचारत आलो होतो. ज्याच्या घरी ज्ञानेश्वरी आहे, गाथा आहे, ज्याला हरिपाठ तोंडपाठ आहे, त्यानं आजकालच्या कवींच्या वाटेला जावंच कशाला? इंद्रायणी दारातून वाहत असताना डबकी कशाला धुंडाळायची, असं मी अगदी ठासून म्हणत असे. टाळ्याही मिळत.

त्या संध्याकाळी मला उत्तर देता आलं नाही. पायरीवर बसून दोन वाक्यांत सांगावं असं ते नव्हतं. म्हणून आज तुमच्यापुढं लिहायला बसलो आहे. यात थोडं घरातलं येईल, ते पोटात घ्या.

मी मूळचा वाकडचा. आज वाकड म्हटलं की लोकांना हिंजवडीला जाणारी गाड्यांची रांग आठवते, भूमकर चौक आठवतो, वीस-बावीस मजल्यांचे टॉवर आठवतात. इथं राहायला आलेल्या एका शेजाऱ्यांनी मला एकदा अगदी प्रेमानं विचारलं, "काका, तुमचं गाव कुठलं?" मी पायाखाली बोट दाखवलं, तर त्यांना ती थट्टा वाटली. पण आमची तीन एकर जमीन इथंच होती, मुळा नदीच्या अंगाला. ज्वारी, बाजरी, थोडं भाताचं खाचर, पुढं विहिरीवर ऊस. चैत्रात म्हातोबाची यात्रा आणि जेठात तुकोबांच्या पालखीची तयारी, या दोन खुंट्यांवर आमच्या घराचं वर्ष टांगलेलं असे.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, माळकरी. आवाज असा की काकड्याला त्यांनी पहिली चाल धरली की झोपलेली पोरंही उठून बसत. शिक्षण चौथीपर्यंत, पण गाथा बोटानं ओळ धरून वाचायचे. मी थोरला. चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर लागलो, शेवटची सहा वर्षं चाकणच्या प्लांटला काढली. शेती अण्णा आणि धाकटा भाऊ बघत.

२००६ साली आम्ही जमीन विकली. कारणं सगळी खरी होती. आजूबाजूची विकली गेली होती. आपली तेवढी राहिली तर चारी बाजूंनी भिंती उठणार, गाडीवाट बंद होणार, विहिरीला कुणाचं तरी सांडपाणी लागणार. भावाला धंदा करायचा होता, बहिणीचा हिस्सा द्यायचा होता, माझी पोरं शिकत होती. आम्ही भावंडांनी बसून ठरवलं आणि अण्णांना कचेरीत घेऊन गेलो. खरेदीखताच्या पानापानावर त्यांनी सावकाश सह्या केल्या. घरी आले, हातपाय धुतले आणि गोठ्यात जाऊन बसले. गोठ्यात तेव्हा एकच म्हैस उरली होती.

नंतर अण्णा आजारी पडले नाहीत, कुणावर चिडले नाहीत, वारीही चुकली नाही. फक्त त्यांचा आवाज गेला. म्हणजे बोलायचे: चहा आण, दार लाव, एवढं. भजनात मात्र टाळ वाजायचे, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. आम्ही म्हणालो, वय झालं. गावकीतले लोक म्हणायचे, "तीन एकराचं एवढं झालं, म्हाताऱ्याला आता काय कमी आहे?" हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. माणूस गेलं तर दहावा असतो, तेरावा असतो, शेजारीपाजारी येऊन बसतात. चांगला भाव घेऊन विकलेल्या जमिनीचं सुतक कुणी पाळत नाही. रडलं तर लोक हसतील अशी ही जात आहे दुःखाची.

आणि मी काय केलं? माऊली, हे लिहायला हात अडखळतो. मी त्यांना वैराग्याचे अभंग ऐकवले. एकदा तर म्हणालो, "अण्णा, तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत सोडून दिली, आणि आपण मातीत जीव अडकवायचा?" अण्णा माझ्याकडं नुसते बघत राहिले. तुकोबांनी लोकांकडून यायचं होतं ते सोडलं होतं. भावाच्या वाटणीची कागदपत्रं भावाला दिली आणि आपल्या वाटणीची बुडवली. मी तर खतावर सही करून घेतली होती आणि पैसे मोजून घेतले होते. हा फरक माझ्या डोक्यात तेव्हा शिरला नाही. अभंग मला पाठ होता, पण मी तो ढालीसारखा पुढं धरला होता.

अशी दहा वर्षं गेली.

जानेवारी २०१६ मध्ये पिंपरी-चिंचवडला ८९वं अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं. ग्रंथदिंडीत टाळकरी हवेत म्हणून आमच्या मंडळातले काही जण गेलो. पालखीत पुस्तकं ठेवलेली, पुढं टाळ-मृदंग, मागं साहित्यिक मंडळी. थाट आपलाच, म्हणून मला बरं वाटलं. दिंडी उरकली आणि जेवणाला वेळ होता म्हणून पुस्तकांच्या गाळ्यांतून हिंडलो. एका ठिकाणी 'रानातल्या कविता' हे नाव दिसलं. कवी कोण, कशाबद्दल, काही माहीत नव्हतं. 'रान' हा शब्द दिसला आणि हात गेला. घरी आणलं आणि कुणी विचारू नये म्हणून देव्हाऱ्याजवळच्या चौरंगावर, गाथेखाली सरकवून ठेवलं. चोरून आणलेल्या वस्तूसारखं.

ते सापडलं सुनेला. ती परभणीकडची, हिंजवडीला एका कंपनीत कामाला. लग्नात येताना तिनं पितळी भांड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त आणली होती, त्यावरून आमच्या घरात थोडी कुजबुजही झाली होती. ती म्हणाली, "बाबा, महानोर तुम्ही आणलेत?" तिच्याकडून मला कळलं की ना. धों. महानोर हे अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे. शेतकरी, नुसते शेतीवर लिहिणारे नव्हेत, शेती करणारे. हा त्यांचा संग्रह १९६७ सालचा. पुढं विधान परिषदेत आमदार होते, 'पानझड' या संग्रहाला २००० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये ते गेले, तेव्हा आमच्या घरात कुणी नात्यातलं गेल्यासारखी शांतता होती. पण ते पुढचं.

एका रविवारी दुपारी अण्णा गॅलरीत बसले होते. आठव्या मजल्यावरून नदीचा थोडा तुकडा दिसतो, तिकडं तोंड करून. सून त्यांच्याजवळ पाटावर बसली आणि म्हणाली, "आबा, वाचून दाखवू?" अण्णांनी मान हलवली, नाही म्हणायची त्यांची सवयच गेली होती. ती वाचू लागली. मधूनच दोन-दोन पानं उलटायची. का, ते मला नंतर पुस्तक हातात घेतल्यावर कळलं. महानोरांच्या रानात नुसती ज्वारी नाही, तारुण्यही आहे. आजेसासऱ्यासमोर ते सगळं कसं वाचणार बिचारी!

चार-पाच कविता झाल्या असतील. पाऊस पडून गेल्यावरची माती, कणसात भरणारं दाणं, पाखरं, असलंच सगळं. अण्णांनी हात वर करून तिला थांबवलं आणि विचारलं, "ह्याची हाय का अजून जमीन?"

ती म्हणाली, "हो आबा, शेती करतात ते."

"मग बरंय," अण्णा म्हणाले. थोडा वेळ काहीच नाही. आणि मग ते सांगू लागले, कवितेबद्दल नव्हे, आमच्या रानाबद्दल. मळई. वरचं खाचर, खालचं खाचर. चिंचेचं वावर. विहिरीचा तुकडा. खळ्याची जागा. म्हसोबाचा कोपरा. दगडी पट्टी. पाणथळ. बाभळीची ताल. सखूचा वाफा. तीन एकरात अकरा नावं! प्रत्येकाची माती वेगळी, वाफसा वेगळा, कुठं पाऊस संपल्यावर तिसऱ्या दिवशी नांगर घालायचा, कुठं आठ दिवस थांबायचं, सगळं. मी चाळीस वर्षं त्या रानात वावरलो, मला यातली पाच नावं ठाऊक होती. सातबाऱ्यावर तर एकही नव्हतं. तिथं फक्त गट नंबर आणि आकार. खरेदीखतातही गट नंबरच विकला गेला होता. नावं अण्णांच्या पोटातच राहिली होती.

सुनेनं कुठलंसं बिल उलटं करून त्याच्या पाठीवर ती लिहून घेतली.

मी दारात उभा होतो. अण्णांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि दहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी पूर्ण वाक्य बोलले. "सही कर म्हणालास. इकू का, म्हणून इचारलं नाहीस तू मला."

मी काय उत्तर देणार? खरंच विचारलं नव्हतं. कारणं सांगितली होती, आकडे सांगितले होते, तारीख सांगितली होती. विचारलं नव्हतं.

तुम्हाला वाटेल, मग बापलेकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळं निवळलं. तसं झालं नाही. पुढचे काही महिने अण्णा माझ्याशी भांडले. जुन्या जुन्या गोष्टी काढून भांडले. बैल विकल्याचं काढलं, विहिरीत पहिला दगड टाकला त्याचं काढलं. पण भांडायला तोंड उघडावं लागतं. त्या वर्षी पालखी आकुर्डीला मुक्कामाला आली, तेव्हा रात्रीच्या भजनात त्यांचा आवाज निघाला. पहिल्यासारखा नव्हता, फाटका होता. पण होता. २०१९ च्या वैशाखात ते गेले. त्या तीन वर्षांत आम्ही जेवढं बोललो तेवढं आधीच्या तीस वर्षांत बोललो नव्हतो.

आता विणेकरीबुवांच्या प्रश्नाकडं येतो. गाथेत हे सगळं नव्हतं का? होतं. गाथेत काय नाही? पण मी गाथा इतक्या वेळा म्हटली होती की शब्द जिभेवरून घसरून जायचे. देवळाच्या उंबऱ्याचा दगड कसा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी गुळगुळीत होतो, तसं. दोष दगडाचा नाही. महानोरांचे शब्द मला नवे होते, खडबडीत होते, ते लागले. आणि ते लागल्यावर मी गाथेकडं परत गेलो तर तिथं मला वेगळाच माणूस भेटला. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात ज्याची बायको अन्न अन्न करत गेली, पोर गेलं, दुकान बुडालं, गावात मान गेला, असा एक देहूचा कुणबी-वाणी. दुष्काळाचे ते अभंग मी कीर्तनात शेकडो वेळा ऐकले होते. बुवा त्यातून लगेच वैराग्याकडं वळतात, त्यामुळं मीही वळायचो. या वेळी मी दुष्काळातच थांबलो. एक माणूस आपली लाज, आपली उपासमार, आपल्या घरातली भांडणं गावासमोर उघडी बोलतो आहे. तुकोबांनी दुःखाला आधी नाव दिलं, मग देवाकडं नेलं. मी अण्णांना नाव देऊच दिलं नव्हतं, थेट देवाकडं पिटाळत होतो.

आणखी एक सांगतो, त्यावर तुम्हीच विचार करा. 'जुनं थोर असताना नवं कशाला' हा प्रश्न आपल्या संतांनाच पहिल्यांदा विचारला गेला आहे. संस्कृतात गीता होती, तरी ज्ञानोबा माऊलींनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ती मराठीत सांगितली. वेद होते, शास्त्रं होती, तरी देहूच्या एका शूद्र म्हणवल्या गेलेल्या माणसानं अभंग रचले, आणि 'हे कशाला?' असं विचारणाऱ्यांमुळंच त्या वह्या इंद्रायणीत गेल्या. त्यांच्या काळात तुकोबा म्हणजे 'आजकालचा कवी'च होते. मी पंचवीस वर्षं जो प्रश्न विचारून टाळ्या घेत होतो, तो काठावर उभं राहून वह्या बुडताना पाहणाऱ्यांचा होता. हे उमगलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

याचा अर्थ असा नाही की छापलेलं सगळं वाचावं. स्वतःच्या खर्चानं संग्रह काढून लग्नाकार्यात वाटणारे कवी मलाही भेटले आहेत. माझ्या कपाटात तसे सात-आठ आहेत आणि त्यांतला एकही मला शेवटपर्यंत वाचवला नाही. आम्ही ज्यांच्याबरोबर राहिलो, तेवढ्यांबद्दलच सांगतो.

कारखान्यात उभं आयुष्य काढलेल्या वारकऱ्यांनी, आणि आपल्या चिंचवड-भोसरी-चाकण पट्ट्यात असे हजारो आहेत, नारायण सुर्वे वाचल्याशिवाय राहू नये. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ चा, 'माझे विद्यापीठ' १९६६ चा. सुर्वे जन्मले १९२६ मध्ये, आईबाप कोण ते कधी कळलं नाही. मुंबईत रस्त्यावर टाकून दिलेलं हे मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं उचलून घरी नेलं, स्वतःचं नाव दिलं. पुढं त्यांनी गिरणीत कामं केली, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०१० मध्ये गेले. त्यांच्या कवितेत माणसं येऊन बोलतात, अगदी शेजारच्या मशीनवरचा माणूस बोलावा तशी. मी ३२ वर्षं लेथवर उभा राहिलो. तिसरी पाळी करून कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत घरी येताना मनात जे यायचं ते बोलण्यासारखं असतं, हेच मला माहीत नव्हतं. सावता माळ्यांना मळ्यात विठ्ठल दिसला, गोरोबांना चाकावर दिसला, हे आपण कौतुकानं सांगतो. आणि आपण मात्र काम वेगळं, भक्ती वेगळी असे दोन डबे करून जगतो. सुर्वे देवाधर्माचे कवी नव्हेत, त्यांचा लाल बावटा त्यांनी कधी लपवला नाही. पण हाताच्या कामाला त्यांनी जी प्रतिष्ठा दिली ती वाचून मला पहिल्यांदा माझ्या लेथची आठवण आली, तीही चांगली आठवण.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. हा सोपा नाही, आधीच सांगून ठेवतो. ढसाळ जन्मले १९४९ मध्ये पूर-कनेरसरला, म्हणजे आपल्याच खेड तालुक्यात, चाकणच्या पलीकडं. पोरवयात मुंबईला गेले आणि कामाठीपुऱ्याच्या वस्तीत वाढले. त्या वस्तीची भाषा जशी आहे तशी पुस्तकात आहे. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची; त्यांनाही कितीतरी शब्द कळले नव्हते, ते त्यांनी ढसाळांना विचारून घेतले. मी हे पुस्तक तीनदा मिटलं. एकदा तर माळेला हात लावून मिटलं. सून म्हणाली, "बाबा, शिव्या वाटतात तुम्हाला, पण त्या कुणी आणि का दिल्यात ते बघा ना." चौथ्यांदा उघडलं तेव्हा पंढरपूरचं महाद्वार डोळ्यांसमोर आलं. चोखोबांची समाधी कुठं आहे? दाराबाहेर, पायरीशी. आपण येता-जाता तिथं डोकं टेकवतो, पण चोखोबांच्या लेकरांना आत जायला मिळावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं, हे टेकवताना आठवतं का? चोखोबांनी रडून विचारलं होतं. शेकडो वर्षं दार उघडलं नाही, तर पुढचा माणूस ओरडून विचारेल. ढसाळ ओरडतात. मला ते सगळं आवडलं असं मी म्हणणार नाही. पण ते वाचल्यावर चोखोबांचे अभंग नुसते गोड वाटेनासे झाले, आणि मला वाटतं तेच योग्य आहे.

सुनेच्या पुस्तकांत इंद्रजित भालेरावांचा 'पीकपाणी' (१९८९) होता, परभणीकडच्या बोलीतला. आमच्याकडची खाचरं आणि तिकडची कोरडवाहू जमीन, दोन्हींत फरक खूप. पण बोली मोठ्यानं वाचली की आपोआप ओवीसारखी लागते. अण्णांना महानोरांपेक्षा हा जवळचा वाटला. श्रीकांत देशमुखांच्या 'बोलावे ते आम्ही' या संग्रहाला २०१७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नाव ऐकल्यावर वारकऱ्याचा हात त्या पुस्तकाकडं गेला नाही तरच नवल. आणि अनुराधा पाटलांचा 'कदाचित अजूनही', २०१९ चा अकादमी पुरस्कार. हा माझ्या पत्नीनं वाचला. ती जनाबाईंच्या ओव्या जात्यावर ऐकत वाढलेली, पुस्तकं फारशी न वाचणारी. सुनेकडून मागून घेतला, आठ दिवस उशाशी ठेवला, परत देताना एवढंच म्हणाली, "हळू बोलती ही बाई." मी विचारलं, काय बोलते? तर म्हणाली, "ते तुम्हाला नाही सांगायचं." मी अजून विचारतो, ती अजून सांगत नाही. तो संग्रह मी वाचला आहे आणि मला तो तिच्याइतका कळलेला नाही, हे मान्य करतो.

एक पुस्तक उलट्या बाजूनं येणाऱ्यांसाठी. दिलीप चित्रे हे आधुनिक कवी, २००९ मध्ये गेले. त्यांनी तुकोबांचे निवडक अभंग घेऊन १९९० मध्ये 'पुन्हा तुकाराम' काढलं, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजीतही तुकोबा नेले. आमच्या सोसायटीत एक तमिळ कुटुंब आहे. त्यांच्या मुलानं तुकोबा इंग्रजीत वाचले आणि मला लिफ्टमध्ये विचारलं, "अंकल, देहू इथून किती लांब?" पुढच्या वर्षी तो आमच्याबरोबर आकुर्डीपर्यंत चालला. नवी कविता लिहिणाऱ्या माणसानं गाथेचं काय वाईट केलं, सांगा बरं!

वाचायचं कसं, असंही काही जण विचारतात. आम्ही हरिपाठासारखं वाचतो. रोज एकच, मोठ्यानं, दोनदा. कळली नाही तर सोडून देतो, दुसऱ्या दिवशी तीच परत. हरिपाठ तरी पहिल्या दिवशी कुठं कळला होता?

चाकणच्या प्लांटला असताना जेवणाच्या सुट्टीत आम्ही कंपाउंडला टेकून उभे राहायचो, तर लांबवर भामचंद्राचा डोंगर दिसायचा. तुकोबा तिथं पंधरा दिवस बसले होते असं आपण मानतो. खाली शेडची पत्रं आणि ट्रकच्या रांगा, वर तो डोंगर. मला तेव्हा डोंगर आठवायचा तो दर्शनापुरता. आता मला चाकणचेच संताजी जगनाडे आठवतात. घाण्यावर तेल काढणारा माणूस. तुकोबांचे अभंग ऐकून त्यांनी वहीत उतरवले. तुकोबा बोलले हे खरं, पण संताजींनी हात चालवला नसता तर आज माझ्या चौरंगावर काय राहिलं असतं? त्या रविवारी गॅलरीत बिलाच्या पाठीवर पेन्सिल चालवणाऱ्या माझ्या सुनेकडं बघताना मला हे सुचलं नाही. आता सुचतं.

तो कागद अजून आहे. गाथेत ठेवला आहे, दुष्काळाच्या अभंगांच्या पानांत. नातू सात वर्षांचा आहे. त्याला ती नावं पाठ झाली आहेत आणि तो मला कुठं काय ते विचारतो. मळई दाखवता येते, तिथं सोसायटीची मागची भिंत आहे. चिंचेच्या वावरात आता पार्किंगचा दुसरा तळमजला आहे, म्हसोबाच्या कोपऱ्यावर वॉचमनची केबिन. विहिरीचा तुकडा पोहण्याच्या तलावाला लागून येतो, त्याचं त्याला फार हसू येतं. दहा जागा मी अंदाजानं का होईना दाखवल्या.

राहिला सखूचा वाफा. तो कुठं होता ते मला माहीत नाही, भावाला माहीत नाही, आणि ही सखू कोण तेही कुणाला ठाऊक नाही. अण्णांना विचारायचं त्या वेळी सुचलं नाही. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून झालं. त्यांतले एक म्हणाले, तुमची पणजी असेल. दुसरे म्हणाले, छे, ती परटीण होती, तिला एक वाफा भाजीला दिलेला. आता चैत्रात म्हातोबाच्या यात्रेला ताथवड्याची एक आजी येते, नव्वदीची, तिला विचारणार आहे.